पहिलं वजन गोळीचं

माझ्या धंद्याला नाव नव्हतं, ही माझी आयुष्यभराची अडचण. लग्न ठरवताना सासऱ्यांनी विचारलं, "लडका करता क्या है?" तेव्हा अब्बांनी दोनदा घसा साफ केला आणि सांगितलं, "मशीनों का डॉक्टर है." झालं! पुढे सासुरवाडीला गेलो की चहाच्या आधी कोणीतरी शिलाई मशीन पुढ्यात आणून ठेवायचं. एकदा तर बिघडलेलं गव्हाचं जातंसुद्धा आलं. डॉक्टर म्हटल्यावर पेशंटला नाही कसं म्हणणार?

खरं काम असं होतं. प्रयोगशाळेत तराजू असतो, भट्टी असते, कोळशाची उष्णता मोजणारं यंत्र असतं. प्रत्येक यंत्राच्या छोट्या खिडकीत एक आकडा उमटतो. एक माणूस तो वाचतो, दुसरा रजिस्टरात लिहितो, तिसरा रजिस्टरातून तक्त्यावर उतरवतो आणि चौथा टाइप करतो. चार माणसांच्या हातून गेल्यावर सहाचा नऊ होणारच. मी यंत्राच्या पाठीमागून वायर काढून कॉम्प्युटरला जोडायचो, आणि तो कॉम्प्युटर ऑफिसातल्या बाकीच्या कॉम्प्युटरांना. म्हणजे आकडा आपल्या पायांनी चालत साहेबाच्या टेबलावर जायचा. यालाच नेटवर्क म्हणायचं. एवढं साधं काम, पण नव्वदीच्या दशकात चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून हे करणारे आम्ही दोघंच होतो, आणि दुसरा लवकरच नागपूरला पळाला.

अवघड एवढंच की प्रत्येक यंत्राचा स्वभाव वेगळा. एक विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही, दुसरं न विचारता दिवसभर बडबडतं. कोणतं कसं बोलतं ते मी बरोबर ओळखायचो आणि त्याचा मला भारी गर्व होता. अब्बांचं चंद्रपुरात घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. ते म्हणायचे, "यासीन, घडी बाद में खोल, पहले घडीवाले की सुन." घड्याळ कधी मागे पडतं, रात्री उशाशी असतं की खिशात, हे मालकालाच ठाऊक असतं. हा धडा मी लहानपणीच पाठ केला होता, आणि नेमका लागला तेव्हा विसरलो. त्याचीच ही गोष्ट.

घुग्घुसच्या रस्त्यावर एका कारखान्याची कोळसा तपासायची प्रयोगशाळा होती. नाव सांगत नाही. माणसं चांगली होती आणि चूक माझी होती. आलेल्या कोळशात राख किती, हे तिथे रोज तपासत. पद्धत अशी: चिनी मातीची छोटी वाटी रिकामी तोलायची, मग कोळशाची भुकटी घालून तोलायची, मग भट्टीत जाळून उरलेल्या राखेसकट तोलायची. तीन वजनं, एक उत्तर. हे तोलायचं काम बावीस वर्षं एकच माणूस करत होता, सुखदेवभाऊ भोयर.

सुखदेवभाऊ पोंभुर्ण्याकडच्या खेड्यातले. घरचा धंदा मासेमारीचा, थोडी शेती. माणूस बारीक, काळासावळा, बोलणं हळू. तराजूच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढून ठेवायचे. खोलीत पंखा नव्हता, कारण पंख्याच्या वाऱ्याने तराजू डळमळतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यातसुद्धा ते त्या बंद खोलीत घामाचा थेंब वाटीत पडू न देता तोलत बसायचे.

तिथले मुख्य केमिस्ट म्हणजे पाठक साहेब. हुशार, टापटिपीचे, इस्त्रीच्या पँटला कोळशाची धूळ लागू नये म्हणून पाय उचलून चालणारे. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "यासीन, मला मधे माणसाचा हात नको. वजन झालं की आकडा थेट माझ्या स्क्रीनवर. भोयरने बटणसुद्धा दाबायचं नाही."

मी म्हटलं, सोपं आहे. तराजूला अशी सोय होती की खिडकीतला आकडा स्थिरावला की तो आपोआप पाठवायचा. मी ती सुरू केली. कॉम्प्युटरला सांगितलं: सकाळचं पहिलं वजन म्हणजे पहिली रिकामी वाटी, दुसरं म्हणजे कोळशासकट वाटी, असंच पुढे. झालं काम! स्वतःच्या पाठीवर थाप मारता येत नाही म्हणून, नाहीतर मारली असती.

तिसऱ्याच दिवशी सगळं नेटवर्क बंद पडलं.

तेव्हा सगळे कॉम्प्युटर एकाच काळ्या केबलला ओळीने लटकवलेले असायचे, आणि त्या केबलच्या दोन्ही टोकांना धातूची बोटाएवढी टोपी लावावी लागायची. टोपी निघाली की आकडे टोकाला आपटून परत यायचे, एकमेकांवर आदळायचे आणि कोणाचंच कोणाला ऐकू जायचं नाही. पाठक साहेबांनी मी पोचायच्या आधीच निकाल लावून ठेवला होता. "भोयरला हे कॉम्प्युटर नको आहेत. त्यानेच काहीतरी केलंय."

मी केबल चाचपत गेलो. तराजूच्या खोलीतली टोपी गायब. झाडू मारणाऱ्या शांताबाई दारात उभ्या होत्या. विचारलं तर त्यांनी ड्रॉवर उघडून फडक्यात नीट गुंडाळलेली टोपी काढून दिली.

"त्याले काईच जोडलेलं नव्हतं जी. फुकट लटकून राह्यलं होतं. म्हटलं, हरपन. म्हून म्या जपून ठेवलं."

बाईंचं काय चुकलं? वस्तू जपून ठेवली. मी टोपी लावली, खाली चिठ्ठी चिकटवली: 'हिला हात लावू नये'. शांताबाईंना वाचता येत नव्हतं, पण तेव्हापासून त्या रोज टोपीला लांबूनच नमस्कार करायच्या, आणि दसऱ्याला तिला झेंडूचं फूल वाहायच्या. माझ्या सगळ्या कारकिर्दीत एवढा मान माझ्या कुठल्याच वस्तूला मिळाला नाही.

पण पाठक साहेबांच्या मनातला संशय काही गेला नाही. आणि पुढच्या आठवड्यात राखेचा हिशेब रजिस्टराऐवजी कॉम्प्युटरवरून घ्यायला लागले, तसा खरा तमाशा सुरू झाला.

सकाळी अकराला साहेबांच्या स्क्रीनवर राखेचे आकडे आले. एका कोळशात राख शंभरावर. म्हणजे शंभर ग्रॅम जाळला की शंभराहून जास्त राख! दुसऱ्या नमुन्यात राख शून्याच्याही खाली. असा कोळसा सापडला असता तर चूल पेटवल्यावर घरात राख कमी झाली असती. साहेबांनी मला फोन करून बोलावलं. मी दुपारी दोनला पोचलो, सुखदेवभाऊंच्या शेजारी बसलो, चार नमुने तोलायला लावले. चारही बिनचूक. संध्याकाळी मी चंद्रपूरला परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मी दुपारी गेलो, सगळं ठीक. मी परत आलो, सकाळी पुन्हा सगळं उलटं. आठवडाभर हाच खेळ. मी असलो की तराजू शहाणा, मी नसलो की वेडा.

पाठक साहेब केमिस्ट होते, त्यांनी शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला. "तू समोर असलास की भोयर नीट तोलतो. तू नसलास की गडबड करतो. आणि आता मला शंका येते की बावीस वर्षं रजिस्टरात त्याने मनाचेच आकडे लिहिले असतील."

त्यांनी पत्र टाइप करून घेतलं. सुखदेवभाऊंना तराजूवरून काढून कोळशाच्या यार्डात पाठवायचं आणि जुन्या रजिस्टरांची चौकशी लावायची. पत्राला जोड म्हणून त्यांना माझ्याकडून एक ओळ हवी होती: यंत्र आणि नेटवर्क निर्दोष आहे. मी सही केली. चार वेळा तपासलं होतं, चारही वेळा बरोबर आलं होतं, मग सही का करू नये? आज लाज वाटते ती या सहीची. सही करून वर साहेबांचा चहाही प्यायलो, म्हणून जास्त.

बाहेर पडलो तर सुखदेवभाऊ गेटजवळ माझ्या मोटरसायकलशी उभे होते. पत्राची बातमी त्यांना लागली होती. कारखान्यात बातमीला केबल लागत नाही.

"यासीनभाऊ," ते म्हणाले, "यार्डात धाडा, मले काई म्हणनं नाई. पन रजिस्टर खोटं आहे म्हणते साहेब. ते कसं? बावीस वर्सं म्या दुसरं काई केलंच नाई. वजन खोटं, तं मग मी काय केलं इतके दिवस?"

मी म्हटलं, "भाऊ, मी तर चार वेळा पाहिलं."

"तुमी दरवेळी दुपारीच येता ना जी. एक दिवस सकाळी या ना. मी दार उघडतो तवा."

इंजिनिअर मी, आणि मुद्द्याचं बोलले ते. मी सकाळी चंद्रपुरातली कामं उरकून दुपारी घुग्घुसला जायचो, ही माझी सवय. आकडे बिघडायचे सकाळपासून. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या, पण मी त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पहिल्या पाळीच्या गर्दीबरोबरच आत शिरलो. सुखदेवभाऊंनी चपला काढल्या, दार उघडलं, तराजूची काच पुसली. मग शर्टाच्या खिशातून मळकट पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी काढली, चिमट्याने त्यातून एक करडी गोळी उचलली, तराजूवर ठेवली आणि हात जोडले. खिडकीत आकडा स्थिरावला: अठरा पूर्णांक चारशे बत्तीस ग्रॅम. भाऊंनी मान हलवली आणि रजिस्टरात पहिल्या ओळीला तो आकडा लिहिला.

आणि तराजूने, माझ्याच हुकमाप्रमाणे, तो आकडा थेट साहेबांच्या कॉम्प्युटरला पाठवून दिला.

"भाऊ, हे काय?"

"गोळी जी. माह्या बापाच्या जाळ्याची. जाळ्याच्या काठाले शिशाच्या गोळ्या राह्यते ना, त्यातली. रोज सकाळी पयले हे ठेवतो. हिचं वजन तेच आलं तं समजाचं, तराजू बरा आहे. नाई आलं तं साहेबाले सांगाचं."

"अहो, पण कंपनीने तपासायची वजनं दिली असतील ना? पेटीतली?"

"दिली ना! पेटी साहेबाच्या आलमारीत आहे. खराब होईन म्हून कोनाले देत नाई."

मी खाली बसलो. कॉम्प्युटरला मी सांगितलं होतं, पहिलं वजन म्हणजे पहिली रिकामी वाटी. तो बिचारा गोळीलाच वाटी समजत होता. मग खरी रिकामी वाटी आली की तिला कोळशासकट वाटी समजायचा. शर्टाचं पहिलं बटण चुकीच्या काजात गेलं की शेवटपर्यंत सगळी चुकतात, तसं दिवसभर एकेक वजन पुढे सरकत जायचं. दुपारी मी यायचो तेव्हा कॉम्प्युटर नव्याने सुरू करून नवी मोजणी घ्यायचो, आणि गोळी सकाळीच होऊन गेलेली असायची. म्हणून माझं सगळं बरोबर.

बावीस वर्षांची रजिस्टरं कपाटात होती. प्रत्येक दिवसाच्या पहिल्या ओळीला तोच आकडा, अठरा पूर्णांक चारशे बत्तीस. काम घेतलं त्या दिवशी एक रजिस्टर उघडलं असतं तरी मी विचारलं असतं, हे काय? पण रजिस्टर बंद करायलाच मला बोलावलं होतं, ते वाचायला नाही, असा माझा तोरा.

आता खरं सांगतो. तेव्हा मनात पहिला विचार आला तो प्रोग्राममध्ये गुपचूप एक ओळ घालायचा: पहिलं वजन सोडून दे. सगळं जागेवर आलं असतं, कोणाला कळलं नसतं, माझी सही शाबूत राहिली असती. सुखदेवभाऊ यार्डात गेले असते, बस. चहा येईपर्यंत मी हा विचार मनात घोळवत बसलो होतो. भाऊ पुरचुंडी परत बांधत होते, घडीवर घडी, रोजच्यासारखी. अब्बा आठवले. उठलो, साहेबांच्या खोलीत गेलो आणि म्हटलं, "साहेब, ती माझी सही परत द्या. चूक माझी आहे."

पाठक साहेबांनी सगळं ऐकलं. पत्र फाडून टोपलीत टाकलं. मला चार शब्द सुनावले, ते मी घेतले. पण सुखदेवभाऊंना ते एक अक्षर बोलले नाहीत. ना चुकलं, ना बरं झालं. भाऊही तराजूवर परत बसले, काही झालंच नाही असे.

मी मात्र प्रायश्चित्त म्हणून प्रोग्राम नव्याने लिहिला. त्यात नियम घातला: सकाळी आधी गोळीचं वजन यायला हवं, ते अठरा पूर्णांक चारशे बत्तीसशी जुळायला हवं, तरच दिवस उघडेल. तोपर्यंत स्क्रीनवर रोमन अक्षरांत मराठी हुकूम: 'आधी गोळी ठेवा'. साहेबांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी कागदोपत्री गोळीला 'तपासणी वजन क्रमांक एक' असं नाव दिलं. पेटी आलमारीतच राहिली.

एकदा तपासनीस आले. चष्मा नाकावर ओढून त्यांनी विचारलं, "या वजनाचा दाखला कुठे आहे?"

सुखदेवभाऊ म्हणाले, "साहेब, माह्या बापानं वीस वर्सं वैनगंगेत धुतली ते. आता तिच्यातून झिजाचं काई राह्यलंच नाई." तपासनिसांनी त्यावर काय शेरा लिहिला, देव जाणे. पुढे पेटीतल्या वजनाशी गोळी महिन्यातून एकदा ताडून पाहायचं ठरलं, आणि त्या पेटीला पहिल्यांदा ऊन दिसलं.

सहा-सात वर्षं गेली. काळी केबल जाऊन निळ्या वायरी आल्या, टोपीचं काम संपलं. शांताबाईंनी मागून घेतली म्हणून ती त्यांच्या देव्हाऱ्यात गेली. सुखदेवभाऊ निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं. मी गेलो होतो. पाठक साहेबांनी भाषणात त्यांना 'आमचे भोयर' म्हटलं.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी साहेबांचा फोन. "यासीन, लॅब उघडत नाहीये!"

मी समजलो. गोळी भाऊंची स्वतःची, ती त्यांच्याबरोबर घरी गेली होती. भाऊंच्या जागी आलेल्या नवीन मुलीने पेटीतली सगळी वजनं एकामागून एक ठेवून पाहिली, कॉम्प्युटर ढिम्म. आधी गोळी ठेवा. बाहेर ट्रक उभे, भट्टी तापलेली, आणि एका जाळ्याच्या गोळीवाचून सगळं अडलेलं. प्रोग्राम बदलायला पाच मिनिटं लागली असती, पण तो ज्या फ्लॉपीवर होता तिला माझ्या कपाटात बुरशी लागली होती. दुसरी प्रत काढलीच नव्हती. डॉक्टर म्हणे!

साहेबांनी जीप काढली. आम्ही दोघं पोंभुर्ण्याच्या पुढे भाऊंच्या गावी पोचलो, तर भाऊ तळ्यात. कमरेइतक्या पाण्यात जाळं टाकत होते. साहेब इस्त्रीच्या पँटीत काठावरच्या चिखलात उभे राहिले आणि तोंडापुढे हात धरून ओरडले, "भोयर! गोळी कुठाय?"

भाऊंनी सावकाश जाळं ओढलं, खांद्यावर घेतलं, बाहेर आले. जाळ्याच्या काठाला शंभरेक गोळ्या लटकत होत्या, सगळ्या करड्या, सगळ्या सारख्या.

"पाहून घ्या जी, तुमची कोनती आहे तं."

साहेबांचा चेहरा पांढराफटक. मी मनात हिशेब करू लागलो, हे ओलं जाळं माशांसकट तराजूच्या खोलीत कसं न्यायचं. भाऊंनी आम्हाला दोन मिनिटं तसंच तरंगू दिलं. मग काठावर वाळत घातलेल्या शर्टाजवळ गेले आणि खिशातून पुरचुंडी काढली.

साहेबांनी हात पुढे केला. भाऊंनी पुरचुंडी मुठीत धरली.

"देत नाई जी. ठेवाले मीच येतो."

जीपमध्ये साहेबांनी त्यांना पुढे बसवलं. अर्धा रस्ता मागे पडला. मग साहेब समोर बघतच म्हणाले, "सुखदेवभाऊ, त्या वेळी मी ते पत्र काढलं होतं. ते चुकलं माझं." भाऊ म्हणून ते पहिल्यांदाच म्हणाले. सुखदेवभाऊ खिडकीबाहेर बघत होते. "कवाची गोष्ट जी," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "पन बरं वाटलं."

प्रयोगशाळेत पोचल्यावर त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या. काच पुसली. चिमट्याने गोळी ठेवली, हात जोडले. अठरा पूर्णांक चारशे बत्तीस. शेजारच्या खोलीतून नव्या मुलीचा आवाज आला, "उघडला! दिवस उघडला!"

भाऊंनी गोळी उचलली, फडक्यात गुंडाळली, घडीवर घडी. मग माझ्याकडे बघून हसले.

"यासीनभाऊ, इतके वर्सं रोज सकाळी म्याच तराजूले इच्यारत होतो, बरा आहेस का बाप्पा म्हून. आज पयल्यांदा त्यानं माहं इच्यारलं."